काळ्या जाळीखालचं सोनं: गोयाच्या ‘आल्बा डचेस’ची अभ्यास-प्रत कशी करावी

तैलरंगात थोडा हात बसला, फळं-भांडी झाली, घरातल्या दोन-चार जणांना खुर्चीत बसवून त्यांचे चेहरे काढून झाले, की पुढे काय, असा प्रश्न पडतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी तेव्हा एखाद्या मोठ्या चित्रकाराच्या व्यक्तिचित्राची प्रत करायला लावते. त्यातही ज्यांना काळ्या कपड्याची धास्ती वाटते, त्यांना एकच चित्र देते: स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाने 1797 साली रंगवलेली काळ्या पोशाखातली आल्बाची डचेस.

काळा रंग बहुतेकांना अडतो. कुणी ट्यूबमधला काळा थेट फासतं आणि कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसायला लागतं. कुणी घाबरून त्यात इतका पांढरा कालवतं की कापड धुवट, राखाडी होऊन बसतं. गोयाच्या या चित्रात बाई जवळजवळ डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात आहे, तरी तो काळा कुठेही मेलेला वाटत नाही. त्याच्या खाली सोनेरी आहे, लाल आहे, त्वचेचा रंग आहे, आणि त्यांच्या जिवावर तो उभा आहे. म्हणून या प्रतीत कामाचा क्रमही तसाच ठेवायचा: आधी खालचं सोनं पूर्ण रंगवायचं, वाळू द्यायचं आणि मगच काळ्याला हात घालायचा.

ब्रश उचलण्याआधी: बाई कोण, पोशाख कसला

मारिया तेरेसा कायेताना ही आल्बा घराण्याची तेरावी डचेस. जन्म 1762 चा, मृत्यू 1802 चा, म्हणजे उणंपुरं चाळिशीचं आयुष्य. तिचा नवरा 1796 च्या जूनमध्ये सेव्हिल्यात वारला. त्यानंतर ती दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या सानलुकारच्या आपल्या इस्टेटीवर जाऊन राहिली आणि गोयाही काही काळ तिकडे होता. तो तेव्हा पन्नाशीत होता आणि 1792-93 च्या मोठ्या आजारपणात त्याची ऐकण्याची शक्ती गेलेली होती. ज्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्याची नजर समोरच्याच्या हातांवर, खांद्यांवर, भुवयांवर किती खिळत असेल याचा विचार करून हे चित्र पाहा. बाईचा डावा हात कमरेवर आहे आणि उजव्या हाताचं बोट खाली जमिनीकडे रोखलेलं आहे. तिला काय म्हणायचंय ते त्या बोटावरूनच कळतं.

बोट दाखवतं तिथे वाळूत दोन शब्द लिहिलेत: ‘सोलो गोया’, म्हणजे ‘फक्त गोया’. अक्षरं तिच्या बाजूने सुलटी आहेत, आपल्याला उलटी दिसतात. बोटांत दोन अंगठ्या आहेत, एकीवर ‘आल्बा’, दुसरीवर ‘गोया’. यातला ‘सोलो’ हा शब्द बराच काळ वरच्या रंगाखाली झाकलेला होता आणि चित्र साफ करताना तो वर आला. या दोन शब्दांवरून दोघांच्या प्रेमाच्या पुष्कळ कथा रचल्या गेल्या. त्यांना पक्का पुरावा नाही आणि प्रत करणाऱ्याला त्याची गरजही नाही. ठाऊक आहे ते एवढं की हे चित्र डचेसच्या वाड्यात गेलं नाही. 1812 साली गोयाच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली तेव्हा ते त्याच्याकडेच होतं. आज ते न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

पोशाख नीट समजून घ्या. नाहीतर तुम्ही नुसते काळे आकार काढाल. डोक्यावरून खांद्यांवर उतरलेली काळी लेसची ओढणी म्हणजे मांतिया. खालचा काळा घेरदार झगा म्हणजे बास्किन्या. तो स्पेनमधल्या बायका घराबाहेर पडताना इतर कपड्यांवरून घालत आणि घरी आल्यावर उतरवून ठेवत. आत सोनेरी पिवळ्या बाह्यांचा अंगरखा आहे, कमरेला लाल शेला आणि पायांत टोकदार, नाजूक बूट. हा मूळचा दरबारी थाट नव्हे. माद्रिदच्या लावापिएससारख्या कष्टकरी वस्त्यांमधल्या ठसकेबाज बायकांना ‘माहा’ म्हणत, त्यांचा हा पेहराव. वरच्या वर्गात फ्रेंच फॅशनचा सुळसुळाट असताना याच वर्गातल्या काही बायकांनी माहांचा हा ठसका उचलला. 1799 मध्ये तर गोयाने खुद्द राणी मारिया लुइसालाही काळ्या मांतियात रंगवलं. स्पेनमध्ये कपडा हा किती जिव्हाळ्याचा प्रश्न होता हे पाहायचं असेल तर 1766 सालचं माद्रिद आठवावं. एस्किलाचे या मंत्र्याने पुरुषांच्या खांद्यांवरून पांघरायच्या लांब केपवर आणि रुंद काठाच्या टोप्यांवर बंदी घातली आणि शहरात दंगल उसळली.

मराठी डोळ्याला इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. आपल्याकडे काळं म्हणजे संक्रांतीची चंद्रकळा, नवी नवरी, हलव्याचे दागिने. या बाईच्या काळ्यात वैधव्य आहे, पण तेवढंच नाही. मांतिया आणि बास्किन्या एरवीही काळ्याच असत. तिच्या अंगावर दुखवटा आणि नखरा एकाच कापडात आलेत आणि खालून लाल-सोनेरी डोकावतंय. चित्र रंगवताना हे दोन्ही हातात राहायला हवं. माझ्या वर्गात ज्यांनी ती फक्त दुःखी रंगवली, त्यांची प्रत मलूल झाली.

आकार आणि चौकटी

मूळ चित्र 210.2 सेंटिमीटर उंच आणि 149.3 सेंटिमीटर रुंद आहे. हे प्रमाण आपल्या रोजच्या ए-फोर कागदाच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं, आणि या योगायोगाचा मोठा फायदा होतो. चांगल्या रिझोल्यूशनची प्रतिमा ए-फोरवर कडा न कापता छापून घ्या. उंचीचे 10 आणि रुंदीचे 7 समान भाग करा. प्रत्येक घर साधारण 3 सेंटिमीटरचं येतं.

कॅनव्हास 30 इंच उंच आणि सुमारे 21¼ इंच रुंद घ्या. त्यावरही 10 बाय 7 घरं पाडली की प्रत्येक घर 3 इंचांच्या आसपास येईल. तयार साच्यातला 30 बाय 20 चा कॅनव्हास घेण्याचा मोह होतो. त्याने रुंदी सव्वा इंचाने कमी पडते आणि बाईचा कमरेवर ठेवलेला कोपर चित्राच्या कडेशी खेटतो. फ्रेमवाल्याकडून मापाने बांधून घ्या. पहिल्यांदाच प्रत करत असाल तर नुसता कमरेपर्यंतचा भाग केला तरी चालेल. शिकायचं सगळं डोकं, खांदे, बाह्या आणि शेला यांत येऊन जातं.

फोनच्या पडद्यावर काळा फसवतो. पडदा मागून उजळलेला असतो, त्यामुळे काळ्यातल्या चुण्या एकतर गायब होतात नाहीतर प्रकाश वाढवला की निळसर होतात. मी तिन्ही गोष्टी जवळ ठेवते: मापासाठी छापील कागद, रंगासाठी साध्या उजेडावर ठेवलेला पडदा आणि काळ्याच्या आत काय चाललंय ते बघायला तीच प्रतिमा मुद्दाम उजळवलेली. त्या तिसऱ्या प्रतिमेवरून रंग मात्र कधी कालवायचा नाही.

सामान

रंग थोडेच लागतात: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, नेपल्स यलो, कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक आणि अगदी थोडा प्रशियन ब्लू. गोयाच्या काळात पांढरा शिशाचा असे. तो विषारी असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. टायटेनियम त्यापेक्षा थंड आणि दणकट आहे, म्हणून तो नेहमी वाटतो त्याच्या निम्माच घ्या आणि किंचित ऑकर घालून उबदार करा.

डुकराच्या केसांचे 8 आणि 12 नंबरचे चपटे ब्रश, 4 आणि 6 चे गोलसर टोकाचे, 2 नंबरचा एक मऊ गोल ब्रश. याशिवाय एक जुना, केस विस्कटलेला, टाकून द्यायच्या लायकीचा ब्रश जपून ठेवा. लेस त्यानेच होणार आहे. टर्पेन्टाइन, जवसाचं तेल आणि भरपूर सुती चिंध्या घ्या.

चिंध्यांबद्दल एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. काम संपलं की त्या सुट्या पसरून वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेन्टाइन वापरताना खिडकी उघडी हवीच.

लालसर जमीन

पांढऱ्या कॅनव्हासवर ही प्रत सुरू करू नका. गोया अनेकदा लालसर, भाजक्या विटेसारख्या रंगाच्या जमिनीवर, म्हणजे चित्राखालच्या पहिल्या रंगथरावर, काम करी आणि वरचे थर पातळ ठेवून ती जमीन जागोजाग डोकावू देई. त्याच्या राखाड्या रंगांना जो निळा-रुपेरी झाक येतो, तो बराचसा या लालसरपणाच्या शेजारामुळे.

गेस्सोचे, म्हणजे कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. मग बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर हे अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून सपाट वॉश द्या. मातीच्या नव्या कुंडीचा रंग यायला हवा, त्याहून गडद नको. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही, हे विसरू नका.

वाळल्यावर चारकोलने चौकटी आखा आणि रेखाटन करा. आधी टोकाच्या जागा घ्या: डोक्याचा वरचा बिंदू, दोन्ही कोपर, रोखलेल्या बोटाचं टोक, झग्याची खालची कड, बुटांची टोकं. या सहा-सात जागा पक्क्या झाल्या की आकृती आपोआप उभी राहते. बोटाची जागा दोनदा तपासा, कारण सगळ्या चित्राची नजर तिकडे घसरते आणि ते अर्धं घर जरी सरकलं तरी बाई बोट दाखवण्याऐवजी हात लोंबकळत ठेवून उभी राहिल्यासारखी दिसते. रेखाटन झालं की चारकोल कापडाने झटका, पुसट रेघा उरू द्या, आणि त्या पातळ रॉ अंबरने पक्क्या करा.

खालचा तपकिरी थर

आता फक्त रॉ अंबर आणि टर्पेन्टाइन. अख्खं चित्र या एकाच रंगात उभं करायचं. गडद जागी रंग दाट, उजेडाच्या जागी चिंधीने पुसून खालची जमीन उघडी. झग्याचा काळा आकार या थरात गडद तपकिरीच ठेवा.

इथे काळा का वापरायचा नाही, ते मी नुकसान सोसून शिकले. माझ्या पहिल्या प्रतीत घाईने झग्याचा खालचा थर आयव्हरी ब्लॅकमध्येच भरला. दिवस पावसाळ्याचे होते. आठवड्याभरात हाताला कोरडं लागलं म्हणून वर अंबरचा हात दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या. आयव्हरी ब्लॅक तेल खूप शोषतो आणि फार सावकाश वाळतो, अंबर लवकर वाळतो. खालचा थर अजून हलत असताना वरचा कडक झाला की तो फुटणारच. जे लवकर वाळतं आणि ज्यात तेल कमी आहे ते खाली, सावकाश वाळणारं आणि तेलकट ते वर. हा क्रम प्रत्येक थराला पाळा.

पातळ अंबरला कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये काम करत असाल तर आठवडा धरा.

मागचं आकाश आणि चेहरा

मागे मोकळी नदीकाठची भूमी आहे, थोडी झाडी, वर राखाडी-निळसर आकाश. यात वेळ घालवू नका. आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा मिसळला की जो करडा मिळतो तो लालसर जमिनीवर आपसूक निळा दिसतो, प्रशियन ब्लूचा सुईच्या टोकाएवढा ठिपका पुरेसा आहे. आकृतीच्या कडेपाशी आकाशाचा ब्रश जरा आत घ्या, म्हणजे नंतर लेसच्या कडा त्यावरून काढता येतील.

चेहरा मात्र निवांत दिवशी घ्या. गोयाने आपला मित्र मार्तिन सापातेर याला एका पत्रात कळवलं होतं की आल्बाबाई स्टुडिओत आली ती आपला चेहरा रंगवून घ्यायला, कॅनव्हासवर नव्हे, प्रत्यक्ष चेहरा, आणि ते काम कॅनव्हासपेक्षा आपल्याला जास्त आवडलं. हा तपशील मला मोलाचा वाटतो, कारण तिच्या चेहऱ्यावर प्रसाधन आहे हे ओळखलं की रंगांचा हिशेब बदलतो. कपाळ आणि नाकाचा उजळ भाग पांढरटच हवा, आणि गालांवरची लाली त्वचेच्या आतून न येता वरून लावल्यासारखी, थोडी ठळक.

मूळ मिश्रण पांढरा, यलो ऑकर आणि अगदी किंचित कॅडमियम रेड. सावलीसाठी त्यातच रॉ अंबर. हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला आयव्हरी ब्लॅक आणि ऑकर मिसळून येणारा मंद हिरवट रंग वापरा. ऑकरमध्ये काळा घातला की तो हिरव्याकडे झुकतो आणि लालसर जमिनीशेजारी तो हिरवट अगदी त्वचेच्या सावलीसारखा बसतो. भुवया या चेहऱ्याचा कणा आहेत: दाट, काळ्या, ठाम. त्या काळ्यात थोडा बर्न्ट अंबर हवाच आणि बाहेरची टोकं ओल्या त्वचेत बोटाने हलकी विरवा. डोळ्यांतला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, एकदाच ठेवा. तो पुसून पुन्हा ठेवला की डोळा धूसर होतो.

तोंड चारदा खोडावं लागलं तरी हरकत नाही. चिडून त्याच बैठकीत पाचव्यांदा करू नका.

सोनं आणि लाल

बाह्यांचा सोनेरी भाग आणि कमरेचा शेला असे रंगवा, जणू वर काळी जाळी येणारच नाहीये. सोन्यासाठी ऑकर हा पाया, उजेडात नेपल्स यलो आणि पांढरा, सावलीत बर्न्ट सिएना. चमक हवी तिथे रंग जाड ठेवा, कारण पुढे वरून काळा ओढताना तो या उंचवट्यांना फक्त स्पर्श करून जाईल आणि सोनं मध्ये मध्ये उघडं राहील. शेल्यात कॅडमियम रेड, सावलीत त्यात बर्न्ट अंबर. त्याच्या घड्या मोजून काढू नका. तीन मोठ्या घड्या नीट आल्या की बाकीच्यांचं काम नुसत्या ब्रशच्या फटकाऱ्यांनी भागतं.

मग थांबा. किमान दहा दिवस. या प्रतीत सर्वांत जास्त माणसं इथे घसरतात, कारण सोनं छान जमलेलं असतं आणि पुढचं करायची घाई होते. ओल्या पिवळ्यावर काळा गेला की चिखल-हिरवा होतो, आणि तो परत सोनेरी होत नाही.

काळा

सोनं वाळतंय तोवर एक काम करा. घरात काळी जाळीची ओढणी असेल तर ती घ्या आणि पिवळ्या ब्लाउजवर टाकून खिडकीजवळ धरा. एकेरी थर आहे तिथे पिवळा जवळजवळ पूर्ण दिसतो, फक्त मळलेला. दुहेरी झाला की तो तपकिरी-सोनेरी होतो. तिहेरी झाला की ऑलिव्हसारखा, आणि चौथ्या-पाचव्या घडीला काळा. आता डोळे किलकिले करा. भोकं कुठेच दिसत नाहीत ना? दिसतात ते फक्त गडद-फिकट ढग, आणि जाळीच्या काठावर, जिथे ती उजेडासमोर येते, तिथे नक्षीचे चार-दोन तुकडे. तुम्हाला एवढंच रंगवायचंय.

पहिल्या खेपेला मी बारीक ब्रश घेऊन तीन आठवडे धागा धागा काढत बसले होते. जवळून ते सुबक दिसलं. दहा पावलं मागे गेल्यावर बाईच्या अंगावर खिडकीचा गज बसवल्यासारखं झालं. गोयाची लेस जवळून पाहिली की नुसते फटकारे, ठिपके, अर्धवट गोल दिसतात, आणि मागे सरकलं की त्यांची लेस होते.

पॅलेटवर काळ्याचे दोन ढीग करा. एक उबदार: आयव्हरी ब्लॅकमध्ये बर्न्ट अंबर. एक थंड: आयव्हरी ब्लॅकमध्ये प्रशियन ब्लू, पण अगदी जपून, हा निळा सगळं गिळून टाकतो. झग्याच्या सावलीच्या बाजूला उबदार काळा, उजेड पडतो त्या घड्यांवर थंड काळा आणि त्यात किंचित पांढरा. दोन काळे शेजारी आले की कापड वळतं. झगा मोठ्या 12 नंबरच्या ब्रशने, वरून खाली, कापड पडतं त्या दिशेने भरा. सगळा भाग सारखा झाकू नका, सावलीत खालचा तपकिरी थर थोडा श्वास घेत राहू दे.

आता मांतिया, बाह्यांवर. तीन वेळा करायचंय, प्रत्येक वेळेमध्ये थर वाळू देऊन.

पहिल्यांदा पडदा. उबदार काळ्यात जवसाचं तेल घालून तो चहाच्या पाण्यासारखा पातळ करा आणि मऊ ब्रशने, जाळी एकेरी आहे तिथे एक हात द्या. जास्त झालं तर चिंधीने टिपा. सोनं मळलेलं दिसलं पाहिजे, नाहीसं नाही. ओढणीत पाहिलेले ढग आठवा आणि दुहेरी घड्यांवर दुसरा हात द्या.

दुसऱ्यांदा तो जुना विस्कटलेला ब्रश. दाट काळा, तेल न घालता. ब्रश आधी चिंधीवर टेकवून जवळजवळ कोरडा करा आणि सोन्यावरून आडवा धरून हलकेच ओढा. फाटलेले केस आपोआप तुटक रेघा सोडतात, आणि जाड सोन्याच्या टोकांवर रंग बसतो तर खोलगट जागा सुटतात. हाताचा दाब सारखा ठेवू नका. पाच-सहा वेळा ओढलं की थांबा आणि मागे जाऊन बघा.

तिसऱ्यांदा काठ. मांतियाची कड खांद्यावरून, कोपरापाशी, आकाशासमोर कुठे कुठे येते ते शोधा. तिथेच, आणि फक्त तिथेच, 2 नंबरच्या ब्रशने पाना-फुलांचे तुटक आकार ठेवा. एक पूर्ण, दुसरा अर्धा, तिसरा नुसता ठिपका. पाहणारा उरलेली नक्षी स्वतः भरतो. शेवटी घड्यांच्या माथ्यावर करड्या रंगाचे चार-पाच ठिपके, पांढऱ्याचे नाहीत. शुद्ध पांढरा ठिपका काळ्या लेसवर लगेच पडलेल्या चुन्यासारखा दिसतो.

काळा वाळताना एक गोष्ट घडते आणि नवखा माणूस हादरतो. ओला असताना खोल, मखमली दिसणारा रंग वाळल्यावर ठिकठिकाणी निस्तेज, भुरकट होतो. खालच्या थराने तेल ओढून घेतलेलं असतं. घाबरून त्यावर आणखी काळा चढवू नका. थर हाताला पूर्ण कोरडा झाल्यावर जवसाच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन तो भाग हलका पुसा आणि जास्तीचं तेल लगेच टिपून घ्या. रंग जसा होता तसा परत येतो, आणि मग ठरवा की खरंच काही बदलायचंय का. दहापैकी सात वेळा काही बदलायचं नसतं.

बोट, अंगठ्या, वाळू

बुटांची टोकं, अंगठ्या, शेल्याच्या टोकांची झालर ही कामं एका बैठकीत होतात. या आकारात अंगठ्यांवरची अक्षरं वाचता येणार नाहीत, दोन सोनेरी ठिपके पुरे.

वाळूतली अक्षरं वाळू ओली असतानाच काढा. ऑकर, पांढरा आणि थोडा रॉ अंबर मिसळून वाळूचा थर द्या आणि ब्रशच्या लाकडी टोकाने त्यात अक्षरं ओरखडा. खालची तपकिरी जमीन वर येते आणि अक्षरं खरोखर काठीने लिहिल्यासारखी दिसतात. कागद उलटा धरून आधी दहादा लिहून बघा, कारण ती तिच्या बाजूने सुलटी हवीत.

गोया चित्राचे शेवटचे हात रात्री, कृत्रिम उजेडात देत असे, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलं आहे. हॅटच्या काठावर मेणबत्त्या लावून काम करत असल्याचं त्याचं स्वतःचं छोटं चित्रही आहे. हे करून पाहण्यासारखं आहे. दिवसा पूर्ण झालेलं वाटणारं चित्र रात्री एकाच पिवळ्या दिव्याखाली, दिवा बाजूला ठेवून पाहा. ज्या जागा उगाच उठून दिसतात, माझ्या बाबतीत नेहमी आकाशाचा एखादा कोपरा, त्या तिथल्या तिथे मंद करा. दुसरं काही करू नका.

वाळणं, व्हार्निश, मागची बाजू

पूर्ण झालेली प्रत भिंतीला तोंड करून ठेवू नका. तैलरंग अंधारात पिवळा पडतो. उजेडात, पण थेट उन्हात नाही. पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी येते, म्हणून ती भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवा आणि मागे हवा खेळू द्या. व्हार्निश सहा महिन्यांआधी नको, काळ्याचा जाड थर असेल तर वर्षभर थांबा. एका कोपऱ्यात टर्पेन्टाइनचा ओला कापूस हलकेच फिरवून बघा, कापसाला काळं लागलं तर अजून वेळ आहे.

या चित्राच्या आतच चित्रकाराचं नाव लिहिलेलं आहे, त्यामुळे प्रत करणाऱ्यावर एक जास्तीची जबाबदारी येते. उद्या ती तुमच्या घरातून दुसऱ्याकडे गेली तर कुणाचीही फसगत व्हायला नको. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या चौकटीच्या, लाकडावर पेन्सिलीने स्पष्ट लिहा: गोयाच्या 1797 च्या चित्रावरून अभ्यास-प्रत, तुमचं नाव, गाव, तारीख. कॅनव्हासच्या कापडावर शाईने लिहू नका, ती झिरपून पुढे येते आणि फिकट आकाशात डाग दिसायला लागतो.